स्वीकारलेली ऑफर, लपवलेली केटी आणि रात्रीचे मेसेज
वाचकांचे प्रश्न : कायद्याचे विद्यार्थी आणि नोकरीचा शोध

इंटर्नशिप, मुलाखती आणि कॉलेजचा प्लेसमेंट सेल याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे वगळली आहेत.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे. सप्टेंबरमध्ये कॉलेजच्या सेलमार्फत एका कंपनीच्या विधी विभागाची ऑफर स्वीकारली. आता जिथे इंटर्नशिप केली होती त्या मुंबईच्या लॉ फर्मने बोलावले आहे आणि पैसेही जास्त आहेत. कंपनीला नाही म्हटले तर ती माझ्यावर केस करेल का?
— विद्यार्थी, नागपूर

केसची भीती आधी बाजूला करू. ऑफर लेखी स्वीकारली म्हणजे करार झाला, हे खरे. पण माणसाच्या व्यक्तिगत कौशल्यावर उभा असलेला करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावत नाही. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचे कलम १४ परीक्षेपुरते पाठ केले असेल, ते इथे कामाला येते. नुकसानभरपाईचा दावा कागदावर शक्य असतो, पण रुजूच न झालेल्या फ्रेशरच्या मागे कंपन्या सहसा लागत नाहीत. जॉइनिंग बोनस किंवा घर हलवण्याचा खर्च घेतला असेल तर तो मात्र परत करावा लागेल. ऑफर लेटरमधले ते कलम आजच वाचा.

अडचण सेलची आहे. बहुतेक कॉलेजांत ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ असा नियम असतो आणि नाव नोंदवताना तुम्ही त्यावर सही केलेली असते. ऑफर स्वीकारली की तुमचे नाव प्रक्रियेतून बाहेर जाते आणि पुढच्या कंपन्यांकडे दुसऱ्यांचे सीव्ही जातात. तुम्ही मागे फिरलात तर ती जागा बहुधा वाया जाते, कारण तोवर यादीतले पुढचे विद्यार्थी दुसरीकडे गेलेले असतात. पुढच्या वर्षी त्या कंपनीच्या एचआरने कॉलेजचा फोन उचललाच नाही, तर फटका तुमच्या ज्युनिअरना बसतो. सेल चिडतो तो यामुळे, आणि त्याचे चिडणे रास्त आहे.

तरीही जायचेच असेल तर क्रम चुकवू नका. फर्मकडून लेखी ऑफर येईपर्यंत कंपनीला काही कळवू नका. ‘तुझं नक्की आहे’ हे पार्टनरचे तोंडी वाक्य ऑफर नसते. लेखी ऑफर आली की त्याच दिवशी सेलच्या प्राध्यापक समन्वयकांना प्रत्यक्ष भेटा. त्यांना ही गोष्ट कंपनीकडून कळता कामा नये. मग एचआरला आधी फोन करा आणि तासाभरात चार ओळींचा ईमेल पाठवा. त्यात ऑफरची तारीख, आपण रुजू होऊ शकत नसल्याचे स्पष्ट वाक्य, दिलगिरी आणि घेतलेली रक्कम कधी परत करणार ते असू द्या. कारण एका वाक्यात सांगा आणि खरे सांगा. घरच्यांच्या आजारपणाची सबब सांगणारे बरेच असतात. तीन महिन्यांनी लिंक्डइनवर फर्मचे नाव झळकले की ती सबब उघडी पडते, आणि आधीचा राग दुपटीने परत येतो.

सर्वांत महागात पडते ते गप्प राहणे. रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद ठेवणाऱ्याचे नाव एचआरच्या लक्षात राहते, वेळेवर नाही म्हणणाऱ्याचे सहसा राहत नाही.

ज्यांनी अजून ऑफर स्वीकारलेली नाही त्यांच्यासाठी : मुदत वाढवून मागायची तर शेवटच्या तारखेच्या किमान दोन दिवस आधी, एकदाच आणि नेमकी तारीख देऊन मागा. ‘थोडा वेळ द्या’ याला उत्तर मिळत नाही, ‘शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवतो’ याला मिळते. इंटर्नशिपमधून पीपीओ (प्री-प्लेसमेंट ऑफर, म्हणजे इंटर्नशिपच्या कामावरून थेट नोकरीची ऑफर) मिळाला तर तोही सेलला कळवा, मग तो सेलमार्फत आलेला असो वा नसो. अनेक कॉलेजांच्या नियमांत तो ऑफर म्हणूनच मोजला जातो.

माझा सीजीपीए (सर्व सत्रांची सरासरी श्रेणी) ६.९६ आहे. सीव्हीवर ७ लिहिला तर चालेल का? दुसऱ्या वर्षी एक केटी लागली होती (एका विषयात नापास होऊन तो पुढे राहिला, म्हणजे बॅकलॉग), ती सुटली आहे. ती दाखवावीच लागते का?
— विद्यार्थिनी, पुणे

सात लिहू नका. गुणपत्रिकेवर आहे तसा, दोन दशांशांसह लिहा. सातची अट असलेल्या जागेसाठी तुम्ही ६.९६ वर पात्र नाही, आणि तिथे अर्ज करायचाच असेल तर सेलला विचारून खऱ्या आकड्याने करा. टक्केवारीत रूपांतर करायचे तर आपल्या विद्यापीठाचेच सूत्र वापरा आणि मूळ सीजीपीए शेजारी ठेवा. दुसऱ्या विद्यापीठाचे सूत्र सोयीचे वाटले म्हणून वापरणे ही फसवणूकच.

केटीचे उत्तर फॉर्मच्या शब्दांवर आहे. ‘चालू बॅकलॉग’ विचारला असेल तर तुमचे खरे उत्तर ‘नाही’. ‘आजवर कधी बॅकलॉग होता का’ असे विचारले असेल तर ‘हो’, आणि पुढे कोणत्या सत्रात सुटला ते. सीव्हीवर स्वतःहून लिहायची गरज नाही.

याहून जास्त गडबड क्रियापदांत होते. सिनियर वकिलाने दाव्याला द्यायचे लेखी उत्तर तयार केले, तुम्ही तीन निवाडे शोधून दिले आणि सीव्हीवर ‘लेखी उत्तर तयार केले’ असे आले. मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो : कोणत्या नियमाखाली, किती दिवसांत? लेखी उत्तर दाखल करण्याच्या मुदतीचे दिवाणी प्रक्रिया संहितेतले ३० आणि ९० दिवस आठवले नाहीत की पुढची वीस मिनिटे वाईट जातात. शोधले तर ‘शोधले’ लिहा, टिपण केले तर ‘टिपण केले’ लिहा. साधे काम नीट समजावून सांगणारा उमेदवार मुलाखत घेणाऱ्यांना आवडतो.

तारखांकडेही पाहा. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप लागते, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. एकाच महिन्यात दिल्लीत प्रत्यक्ष आणि पुण्यात ऑनलाइन अशा दोन पूर्णवेळ इंटर्नशिप दाखवणाऱ्याला वाचणारा तिथेच थांबवतो. लेख ‘प्रकाशनाच्या मार्गावर’ असेल तर संपादकांचा स्वीकृतीचा ईमेल हाताशी हवा. पडताळणी बहुधा ऑफरनंतर, रुजू होण्याच्या सुमारास होते आणि चुकीच्या माहितीवरून ऑफर रद्द करण्याचे कलम पत्रात असते. म्हणजे फटका बसतो तेव्हा इतर सगळी दारे बंद झालेली असतात.

इंटर्नशिपमध्ये केलेले रिसर्च टिपण नोकरीच्या अर्जासोबत लेखनाचा नमुना म्हणून जोडता येते का? आणि कोणत्या प्रकरणांवर काम केले ते लिंक्डइनवर लिहिले तर?
— विद्यार्थी, ठाणे

टिपण तुमचे असले तरी त्यातली माहिती अशिलाची आहे. वकिलाने अशिलाचे बोलणे उघड करू नये हा नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे आणि तो वकिलाच्या कारकुनांना व कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. ‘इंटर्न’ हा शब्द तिथे नाही, पण ती पळवाट नोकरीच्या अर्जात वापरून पाहणारा उमेदवार कोणालाच नको असतो. शिवाय बहुतेक फर्म पहिल्याच दिवशी गोपनीयतेच्या कागदावर सही घेतात.

जोडायचेच असेल तर ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांची ईमेलवर परवानगी घ्या. मग पक्षकारांची नावे, रकमा, तारखा, गाव, मालमत्तेचे वर्णन काढून टाका. नावावर काळी पट्टी ओढून पीडीएफ केली की काम झाले, असे अनेकांना वाटते. खालचा मजकूर निवडून कॉपी केला की नाव जसेच्या तसे येते. मूळ वर्ड फाइलमध्ये नावे बदला, ट्रॅक चेंजेस आणि कॉमेंट काढा, मग नवी पीडीएफ करा. याहून सोपा मार्ग म्हणजे मूट कोर्टाचे (सराव खटल्याच्या स्पर्धेचे) मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, किंवा वर्गातला निबंध. संघात लिहिलेल्या मेमोरियलमधला तुमचा भाग कोणता, ते वर एका ओळीत सांगा.

लिंक्डइनवर विषय लिहा, प्रकरण नको. ‘लवाद कायद्याच्या कलम ३४ खालील अर्जांसाठी संशोधन’ पुरेसे आहे. कंपन्यांच्या व्यवहारांवर काम केले असेल तर दुप्पट सांभाळा. सूचीबद्ध कंपनीच्या विलीनीकरणाची जाहीर न झालेली माहिती हातात असताना तिचे दहा शेअर घेतले, किंवा मित्राला नुसता इशारा दिला, तरी सेबीचे २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम लागू होतात. अशी माहिती कोणाकोणाला दिली याची पॅनसह डिजिटल नोंद ठेवावी लागते, त्या यादीत इंटर्नचेही नाव असू शकते. कागदपत्रे घरच्या ईमेलवर पाठवणे आणि अशिलाचा करार सारांश काढायला एखाद्या फुकट एआय ॲपमध्ये टाकणे, ही दोन्ही त्याच जातीची चूक.

आमच्या कॉलेजात तीन वर्षांचा एलएलबी आहे, प्लेसमेंट सेल नावापुरता. ओळख नसताना सिनियर वकिलांकडे किंवा फर्मकडे कसे जावे? ईमेलना उत्तरे येत नाहीत.
— विद्यार्थी, लातूर

दोन्हींकडे जाण्याची रीत वेगळी आहे.

जिल्हा न्यायालयातल्या सिनियरना ईमेल करून फारसे काही होत नाही. कोर्ट सुटल्यावर, संध्याकाळी त्यांच्या ऑफिसात जा. जेवणाच्या सुट्टीत बाररूममध्ये गाठू नका. आधी त्यांच्या ज्युनिअरला किंवा कारकुनाला फोन करून वेळ विचारा. छापलेल्या सीव्हीच्या दोन प्रती न्या आणि पहिल्या मिनिटात तीन गोष्टी सांगा : कोणत्या वर्षाला आहात, कोणत्या तारखांना येऊ शकता, परीक्षा कधी आहे. दिवाणी की फौजदारी असे विचारले तर ‘काहीही चालेल’ म्हणू नका, एक सांगा. काम मिळाले की आदल्या रात्री बोर्ड (दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पाहून ठेवणे, तारखा डायरीत उतरवणे, प्रमाणित प्रतीचा अर्ज करणे ही कामे आधी येतील. ती कमी दर्जाची नाहीत. निशाणी क्रमांक (प्रकरणातल्या कागदांना दिलेले क्रमांक) आणि रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) वाचता येत नाही तोवर प्रकरण हातात येत नाही. कोर्टात पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट. बँड (गळ्याची पांढरी पट्टी) आणि गाऊन सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यानंतर. काही ठिकाणी इंटर्नसाठी बार असोसिएशनच्या वेगळ्या सूचना असतात, त्या विचारून घ्या.

फर्मसाठी आधी संकेतस्थळ पाहा. फॉर्म असेल तर तोच भरा, ईमेल वेगळा नको. ईमेल करायचा तर विषयाच्या ओळीत नाव, वर्ष, कॉलेज आणि हव्या त्या तारखा. मजकूर दीडशे शब्दांच्या आत. सीव्ही पीडीएफ, फाइलला स्वतःचे नाव (‘सीव्ही फायनल २’ नको). गूगल ड्राइव्हची लिंक पाठवली की ती उघडायला परवानगी मागते, आणि तिथेच तुमचा अर्ज संपतो. चाळीस फर्मना एकाच ईमेलमध्ये सीसी करणारे अजूनही आहेत. मागच्या अर्जातले दुसऱ्याच फर्मचे नाव तसेच राहणे हीही रोजची गोष्ट, त्यामुळे पाठवण्याआधी नाव मोठ्याने वाचा. दहा दिवसांनी त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण करा, एकदाच. मोठ्या फर्मच्या जागा बरेच महिने आधी भरतात. मे महिन्यासाठी एप्रिलमध्ये लिहिलेत तर उत्तर न येण्याचे कारण तुमचा सीव्ही नसतो.

पैशांबद्दल विचारायला लाजू नका, पण काम मिळाल्यानंतर विचारा. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये स्टायपेंड सुचवला आहे. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि ती सनदधारकांसाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी नाही.

मला न्यायाधीश व्हायचे आहे. मुलाखतीत ‘परीक्षेची तयारी करणार का?’ असे विचारतात. खरे सांगितले तर नोकरी मिळत नाही.
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

न विचारता सांगायची गरज नाही. विचारले तर खोटे बोलू नका; ‘पुढे तो विचार आहे, पहिली तीन वर्षे मात्र पूर्ण वकिलीची’ हे खरे उत्तर आहे आणि आता त्याला कायद्याचाही आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. मुदत बार कौन्सिलकडे वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायची, आणि दाखला लागतो प्रधान न्यायिक अधिकाऱ्याचा, किंवा किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचा व त्यावर प्रधान न्यायिक अधिकाऱ्याच्या शिक्कामोर्तबाचा. लोकसेवा आयोगाची जाहिरात येईल तेव्हा तिच्यातली अट शब्दशः वाचा.

म्हणूनच तुम्ही काय स्वीकारता ते महत्त्वाचे. कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली तर बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार वकिली करता येत नाही आणि सनद स्थगित ठेवावी लागते. त्या काळाला वकिली धरून चालू नका. लॉ फर्ममध्ये बहुधा पगार नसतो, रिटेनरशिप असते : दरमहा ठरलेली फी, व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस, प्रॉव्हिडंट फंड नाही, सनद चालू. ऑफर लेटरमध्ये ‘एम्प्लॉयी’ लिहिले आहे की ‘रिटेनर’, ते एचआरला स्पष्ट विचारा. हा प्रश्न कोणाला उद्धट वाटत नाही.

ज्या चेंबरमध्ये इंटर्नशिप करते तिथले सिनियर रात्री उशिरा कामाशी संबंध नसलेले मेसेज करतात. प्रमाणपत्र त्यांच्याच हातात आहे. सेलला सांगितले तर मीच अव्यावसायिक ठरेन का?
— नाव व गाव दिलेले नाही

नाही. इथे शिस्त मोडत आहेत ते सिनियर.

मेसेज पुसू नका. तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन स्वतःलाच ईमेल करा. कॉलेजच्या अंतर्गत समितीला (लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या समितीला) किंवा विश्वासातल्या प्राध्यापकांना लेखी कळवा. आठवडे अपुरे राहतील म्हणून थांबू नका, दुसरी जागा शोधून देणे हे सेलचे काम आहे. इंटर्नशिप सोडताना चेंबरला एक ओळ पुरे : ‘अमुक तारखेपासून येऊ शकणार नाही.’ कारण देण्याचे बंधन नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधातल्या २०१३ च्या पॉश कायद्यात ‘कर्मचारी’ या व्याख्येत प्रशिक्षणार्थीही येतात, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. बहुतेक चेंबर त्याहून लहान असतात; तेव्हा तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे मिळतो. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी तीन. तक्रारीच्या सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदार असतील तर त्यांची नावे-पत्ते लागतात.

आंदोलनात माझ्यावर गुन्हा नोंदला गेला आहे, खटला चालू आहे. नोकरीच्या फॉर्ममध्ये लिहू का?
— विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

फॉर्ममध्ये विचारले असेल तर लिहा : पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, कलमे, सद्यस्थिती. सोबत एफआयआरची प्रत ठेवा. सनदेच्या अर्जातही हे येणारच आहे, आणि बार कौन्सिलने सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यांनी ही माहिती कॉलेजलाच द्यावी असे सांगितले आहे. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४-अ मध्ये अडथळा आहे तो प्रामुख्याने नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातल्या शिक्षेचा. नुसता खटला चालू असणे त्यात बसत नाही. लपवलेला गुन्हा उघड झाला की मात्र प्रश्न गुन्ह्याचा राहत नाही, खोट्या प्रतिज्ञापत्राचा होतो.

अमेरिकेत एलएलएम करते आहे. इथल्या करिअर ऑफिसचे नियम भारतापेक्षा कडक आहेत का?
— न्यू जर्सी

लिखित जास्त आहेत. ऑफर किती दिवस खुली ठेवायची याचे देशभराचे ठरलेले दिवस एनएएलपी या लॉ स्कूल आणि फर्मच्या भरतीविषयीच्या संस्थेने २०१८ च्या अखेरीस काढून टाकले. आता प्रत्येक लॉ स्कूलचे आणि फर्मचे आपापले धोरण असते, ते आधी मागून घ्या. स्वीकारलेली ऑफर मोडली किंवा सीव्हीत खोटे आढळले तर लॉ स्कूलच्या शिस्तीची कारवाई होऊ शकते, आणि पुढे बारच्या (वकिलीच्या परवान्याच्या) चारित्र्य तपासणीच्या अर्जात ती विचारली जाते. तुम्हाला व्हिसाचाही हिशेब आहे : एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ओपीटी (शिक्षणाशी निगडित कामाची तात्पुरती परवानगी) सुरू झाली की एकूण ९० दिवसांहून जास्त बेरोजगार राहता येत नाही. रुजू होण्याची तारीख ठरवताना फर्मला हे पहिल्याच फोनवर सांगा, शेवटच्या आठवड्यात नाही.

एका कंपनीसाठी नाव नोंदवले, आता मुलाखतीला जायचे नाही. न जाणे चालेल?
— विद्यार्थी, मडगाव

निवड यादी लागण्याआधी सेलला कळवलेत तर बहुतेक ठिकाणी काही बिघडत नाही. यादीनंतर माघार घ्यायची असेल तर निदान एक दिवस आधी लेखी कळवा, म्हणजे प्रतीक्षा यादीतल्याला बोलावता येईल. न सांगता गैरहजर राहिलात तर अनेक सेल पुढच्या काही कंपन्यांसाठी नाव थांबवतात. तुमच्या कॉलेजात ती शिक्षा किती आहे, ते नियमपत्रिकेत पाहा.